लोखंड कोणी न्यायचे

कल्पना करा, की तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि तुमचा गाल एका दगडाला टेकलेला आहे. दगड गार आहे. नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत, इतका की जरा डोके हलवले तर कानाच्या पाळीला ओरखडा येईल. त्या दगडात एक उभी भेग आहे आणि भेगेत बोटभर आत धातूचा एक नट, कडा चढणारे आपला दोर अडकवायला लावतात तसा, अडकवलेला आहे. तुम्हाला तो एका डोळ्याने बघायचा आहे. हात लावायचा नाही. नुसते बघून सांगायचे आहे, की ज्याने तो लावला तो माणूस त्या वेळी कसा होता.

मार्नी नेमके हेच करत होती.

"काय दिसतंय?" बेरिलआजीने मागून विचारले.

"नट."

"नट मलाही दिसतोय, चष्म्याशिवाय. बसलाय कसा?"

"दोन्ही बाजूंनी टेकलाय. भेग वरती रुंद आहे आणि खाली निमुळती होत गेलीय. खाली ओढला तर आणखी बसेल."

"मग लावणाऱ्याबद्दल काय म्हणशील?"

मार्नीने विचार केला. "पोटभर जेवून आला होता."

बेरिल मान हलवत हसली. "चालेल. घाई नव्हती त्याला. आता शेजारचा बघ."

शेजारचा बघायला फार वेळ लागला नाही. "हा नुसता ठेवलाय. शिंक आली तरी पडेल."

"आणि हा कोण?"

"फोटो काढायला आलेला."

तिसरा नट गुडघ्याच्या उंचीवर होता. मार्नी मातीत बसली. प्रत्येक चढणाऱ्याच्या कमरेला असतो तसा लांब दांड्याचा आकडा तिच्या हातात होता. तिने तो भेगेत घालून नट ओढला, हलवला, पुन्हा ओढला. नट जागचा हलला नाही.

"निघतच नाहीये. म्हणजे सगळ्यात चांगला हाच."

"नाही," बेरिल म्हणाली आणि तिच्याशेजारी हळूच खाली बसली. "नट बसवायला एक हिसका पुरतो. एवढासा, कोपरापासून. ज्याचे पाय थरथरत असतात ना, तो तीन-तीन हिसके देतो, सगळं अंग टाकून. त्याला नट बसवायचा नसतो गं. त्याला स्वतःला धीर द्यायचा असतो. आणि मग मागून येणाऱ्याच्या बोटांची सालटी निघतात."

"घाबरलेला माणूस," मार्नी म्हणाली.

"घाबरलेला माणूस. वरून तो तुला ओरडून सांगेल, मजेत आहे, झकास आहे. त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊ नकोस. त्याचे नट बघ. नट खोटं बोलत नाहीत."

"हा तू मुद्दाम असा लावलास?"

"दोन्ही हातांनी लोंबकळून. काढ आता. ओढू नकोस, ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बाहेर येईल. आकडा खालून टेकव आणि कडीनं आकड्याच्या बुडावर टिचक्या मार. रागावून नाही. दाराला मारतात तशा."

मार्नी टकटक करत राहिली. पलीकडच्या रानात रानकोंबडा ओरडत होता. त्याचे ओरडणे ऐकून पाहुण्याला वाटावे, की आपल्यालाच परत जायला सांगतोय. नट निघाला तेव्हा मार्नीच्या नाकावर माती उडाली होती आणि चेहरा असा होता, जसा काही तिने दगडाचा दात उपटला आहे.

बेरिल फर्निसने हे धडे ज्या धोंड्यावर दिले, त्याच धोंड्यावर ती स्वतः शिकली होती, डॉटबरोबर. दोघी शेफिल्डच्या एका कारखान्यात चमचे घासायच्या. फिरत्या चाकावर चमचा धरायचा, अंगठ्याने दाबायचा, आणि तोंड दिसेपर्यंत दाबत राहायचे. डोक्याला लाल फडके, अंगाभोवती चाकावरचा काळा चिखल उडू नये म्हणून गुंडाळलेला तपकिरी कागद. शनिवारी दुपारी भोंगा वाजला की कागद फाडून टाकायचा आणि बस पकडून कड्यावर यायचे. त्या काळी बायका दोर घेऊन बसमध्ये चढल्या तर कंडक्टर विचारायचा, धुणं कुठं वाळत घालणार? डॉट म्हणायची, तुमच्या मानेभोवती. कारखाना बंद पडल्यावर बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि डॉट इस्पितळाच्या धुलाईखान्यात, पण शनिवारचा रविवार झाला एवढाच फरक. कडा तोच.

डॉट दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मार्नी तिची नात.

मार्नीला चढता येत नव्हते असे मुळीच नाही. शहरातल्या बंदिस्त भिंतीवर ती माकडासारखी चढायची. तिथे रंगीत प्लास्टिकच्या मुठी असतात, खाली मऊ गाद्या असतात, दोर वरून आधीच लावलेला असतो. डॉट शेवटच्या दिवसांत उशीला टेकून बसायची. एकदा ती बेरिलला म्हणाली होती, "आमची पोरगी प्लास्टिकवरच म्हातारी होईल बघ. तिची आई तिला नेणार नाही, तिला शिफ्टमधून सवड नाही आणि दोराची भीती. तू नेशील ना?" बेरिलने "नेईन" म्हटले होते. चहा घेशील का, या प्रश्नाला म्हणावे तसे.

ते वचन आता अडचणीत आले होते, आणि हे मार्नीला ठाऊक नव्हते. निदान बेरिलची तशी समजूत होती. चमच्यांनी तिचे अंगठे खाल्ले होते. गेल्या शरद ऋतूपासून अंगठ्यांच्या बुडाशी सांधा असा दुखायचा, की किल्ली फिरवताना ती रस्त्याकडे पाठ करून दोन्ही हात लावायची, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येईल, पण दगड विसरा. बेरिलने मनाशी ठरवले होते, की आज एक चढाई पुढे होऊन करायची. अंगठे टिकले, तर उन्हाळाभर पोरीला घेऊन यायचे. नाही टिकले, तर पोरीचे बाहेरचे चढणे इथेच थांबले, कारण पुढे चढून दोर वर नेणारे दुसरे कोणी नव्हते.

थर्मास उघडायची वेळ आली तेव्हा तो मार्नीच्या हातात देत ती म्हणाली, "ओत तू. तरुण माणसानं ओतायचं असतं."

त्यांनी चहा घेतला आणि आल्याचा काळसर केक खाल्ला. एक मेंढी केकच्या कागदावर हक्क सांगत जवळ येऊन उभी राहिली. मार्नीने तिला कागद दाखवून पुन्हा खिशात घातला, तेव्हा मेंढीने तिच्याकडे पाठ फिरवली.

"चल," बेरिल म्हणाली. तिने लोखंडाचा पट्टा उचलून गळ्यात तिरपा घातला. त्याला सगळे नट आणि कड्या लटकत होत्या. लोखंड म्हणायचे फक्त, बरेचसे अॅल्युमिनियम होते. सकाळी बसमधून उतरल्यावर कुंपणाच्या पायऱ्यांपाशी मार्नीने तोच पट्टा आपल्या गळ्यात घालून पाहिला होता. त्याचा चालताना होणारा आवाज तिला आवडला. बेरिलने तो तिथेच काढून घेतला होता.

"दे इकडे. जो पुढं चढणार त्यानं लोखंड न्यायचं. मागून येणाऱ्यानं दोर."

"पण इथं कुठं चढतोय आपण? इथं तर शेत आहे."

"बसमधून उतरल्यापासून पुन्हा बसमध्ये चढेपर्यंत. तुझ्या आजीनं एकदा माझं लोखंड उचललं, मी दमले होते म्हणून. मी तिच्याशी खालच्या गावापर्यंत बोलले नाही."

"दमली होतीस तर चांगलंच केलं की तिनं."

"चढाई माझी होती," बेरिल म्हणाली, "मग दमणंही माझंच." आणि मार्नीच्या खांद्यावर दोर ठेवला होता.

कड्याच्या पायथ्याशी सूर्य अजून आला नव्हता, ते बरेच होते; हा दगड गार असताना जास्त धरतो. इकडेतिकडे नेचांमध्ये अर्धवट घडवलेली जाती पडली होती. केव्हातरी मागणी संपली आणि पाथरवट टाकी खाली ठेवून निघून गेले, ती तशीच. आधी बेरिलने मार्नीला शेजारच्या बुटक्या, उतरत्या दगडावर, त्याच्या टोकावरून दोर टाकून, चढवले. तिथे हाताने धरायला काहीच नव्हते. मार्नी चार पावले गेली, थबकली, आणि सवयीने "धर" म्हणून दोरावर बसली.

"कशाला बसलीस?"

"विचार करतेय. इथं पकडायला काही नाहीये."

"भिंतीवर लटकून विचार करतात. इथं उभं राहून करायचा. टाचा खाली सोड. पायावर विश्वास ठेव."

"पाय घसरला तर?"

"घसरेल असं वाटतं तेव्हा तू अंग दगडाला चिकटवतेस आणि म्हणून घसरतो. दगडापासून लांब हो. उभी राहा. रांगेत उभं राहतात तशी, जरा कंटाळून."

मार्नी कंटाळून उभी राहिली. पाय घसरला नाही. ती आणखी एक पाऊल गेली, मग आणखी एक, आणि वर पोचल्यावर खाली बघून काही बोलली नाही. बेरिलला तिचे ते न बोलणे आवडले. डॉटही अशीच गप्प व्हायची.

मग आली खरी चढाई. तिचे नाव ‘सोमवारचं धुणं’. कोणी ठेवले कोण जाणे. कदाचित भेगेतून वसंतात पाणी ठिबकते म्हणून. आज ती कोरडी होती. खाली बोटे जातील एवढी, आणि दोन तृतीयांश उंचीवर पंजा जाईल एवढी रुंद. बेरिल हिच्यावर कितीदा चढली असेल, याचा हिशेब तिने ठेवला नव्हता.

तिने मार्नीला एका धोंड्याला बांधले, आपण पडलोच तर हलकी पोर वर उचलली जाऊ नये म्हणून. दोराचे एक टोक स्वतःच्या कमरेला बांधले. मार्नीने गाठ तपासली, तिने मार्नीची.

"मी काय करते ते बघू नकोस. दोर काय करतोय ते बघ. मी वर गेले की सोडत राहा. फार नाही, फार कमी नाही."

"माहितीय, बेरिलआजी."

"माहितीय ते ठीक. कर."

ती चढू लागली. पहिला नट तिने छातीच्या उंचीवर लावला, एक छोटासा हिसका, कडीत दोर. दुसरा त्याच्यावर, तसाच. म्हातारी माणसे जिना चढतात तशी ती चढत होती, प्रत्येक पायरीवर जरा थांबून, पण थांबणे तिने स्वतः निवडलेले. खालून बघणाऱ्याला काही वेगळे वाटले नसते.

मग भेग रुंद झाली.

तिथे पकडायला कड नसते. हात सरळ भेगेत घालायचा, अंगठा तळव्यावर दुमडायचा आणि त्याचे बूड फुगवायचे. पंजा पाचरीसारखा अडकतो आणि त्यावर सगळे अंग पेलते. बेरिलने उजवा हात घातला, अंगठा दुमडला, आणि सांध्यातून अशी कळ आली की तिचे तोंड उघडे राहिले. हात अडकला नाही. नुसता भेगेत होता, खिशात असतो तसा. तिने डावा घालून पाहिला. डावा थोडा बरा होता. त्यावर भार टाकून ती उभी राहिली आणि तिला जाणवले की तिच्या डाव्या पोटरीला कापरे भरले आहे.

दुसरा नट आता पायांच्या बराच खाली होता. एवढ्यावरून ती पडली असती तर खालच्या जात्यांपर्यंत पोचली असती की नसती, हे सांगणे अवघड होते. आणि खाली धोंड्याला बांधलेली बारा वर्षांची पोर होती. तिने ते सगळे पाहिले असते.

उजव्या हाताने बेरिलने पट्टा चाचपला. तिच्या हाताला जो आला तो डॉटचा नट. खराखुरा लोखंडी, रेल्वेच्या रुळाकडेला सापडलेला, अक्रोडाएवढा. डॉटने कारखान्यातल्या कानशीने आतले आटे घासून काढले होते, आतून ओवलेली दोरी कापली जाऊ नये म्हणून. दोरी बेरिल अधूनमधून नवी ओवायची. नट मात्र तोच. तिने तो भेगेत सरकवला. चांगला बसला. एक हिसका दिला.

पुरेसा होता. तिला माहीत होते पुरेसा होता.

तिने दुसरा हिसका दिला. मग दोरी मनगटाला गुंडाळून, सगळे अंग टाकून, तिसरा. लोखंड दगडात रुतल्याचा आवाज तिच्या दातांपर्यंत आला.

"बरी आहेस ना?" खालून मार्नीने विचारले.

"मजेत," बेरिल म्हणाली. "दोराकडे लक्ष दे."

त्यानंतर ती वर कशी गेली, हे तिला नंतर नीट आठवले नाही. एक पाय भेगेत आडवा घातला, कोपर घातले, खांदा घातला. दिसायला ते काही छान नव्हते. पण माथ्यावरच्या गवतात तिचा हात पडला आणि मग ती सगळीच गवतात पडली. थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिली. मग उठून तिने स्वतःला तिथल्या खडकाला बांधले, ढिला दोर वर ओढला आणि हाक दिली, "ये."

वर बसलेल्याला खालचे काही दिसत नाही. दोरच सांगतो. दोर ढिला झाला की पोर वर सरकली, ढिला नाही झाला की थांबली. पहिल्या नटापाशी दोर थोडा थांबला आणि लगेच सुटला. दुसऱ्यापाशीही तसेच. पोरीचे पाय आता ऐकत होते. बेरिल दोर घेत गेली. त्याला अंगठे लागत नाहीत, मूठ आणि कंबर पुरते.

मग दोर थांबला.

बेरिल वाट बघत बसली. वारा तिच्या पाठीकडून येत होता आणि कड्यावरून खाली जात होता. रानकोंबडा पुन्हा ओरडला. दोर हलेना.

खालून आवाज आला, "धर."

दोर ताणला गेला आणि पोरीचा सगळा भार बेरिलच्या कमरेवर आला. बसली होती ती. पण हे विचार करायला बसणे नव्हते. थोड्या वेळाने टकटक सुरू झाली. दाराला मारतात तशी, न रागावता.

बेरिलला एकदम घाम फुटला. चढताना फुटला नव्हता एवढा. आत्ता, या क्षणी, पोरीचा गाल दगडाला टेकला असेल. ती एका डोळ्याने बघत असेल. आणि तिला बघायला शिकवले कोणी, आज सकाळीच?

"मार्नी," तिने हाक मारली. "राहू दे तो."

आयुष्यात तिने हे कधी कोणाला सांगितले नव्हते. इथे दगडात काही ठेवून जायचे नसते; खिळा नाही, दोरी नाही, नट तर नाहीच. आपण आलो होतो हे दगडाला कळू नये असे चढायचे. आणि तो नट डॉटचा होता. तरी ती म्हणाली.

टकटक थांबली. "काय?"

"राहू दे म्हणते. सोड त्याला आणि ये वर."

"ऐकू येत नाहीये."

वारा खाली जात होता. तिला शब्द न् शब्द ऐकू जात असणार. टकटक पुन्हा सुरू झाली. मध्येच बोटे दगडावर आपटल्यासारखा दबका आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा टकटक. बेरिल भार धरून बसून राहिली. तिचे पाय बधिर झाले, मग कंबर. तिने दोर इंचभरही सरकू दिला नाही. एवढे ती अजून करू शकत होती, आणि तेवढे तिने नीट केले.

किती वेळ गेला कोण जाणे. दोराला एक हिसका बसला, खाली काहीतरी घंटेसारखे किणकिणले आणि भार हलका झाला.

मार्नीचे हेल्मेट कड्याच्या काठावर दिसले, मग लालबुंद चेहरा. रुंद भेग तिने आपल्या छोट्या हातांनी कशी पार केली, हे विचारायचे बेरिलच्या जिभेवर आले आणि राहिले. पोर गवतात येऊन बसली. तिच्या कमरेला तीनही नट होते. पुढे डॉटचा. त्याच्या दोन्ही कडांवर पांढरे ओरखडे उठले होते. उजव्या हाताची बाही तिने बोटांवरून खाली ओढून मुठीत धरली होती.

"शाबास," बेरिल म्हणाली. "कुठल्यानं त्रास दिला?"

"कुठल्याच नाही."

"बराच वेळ थांबली होतीस."

"आकडा उलटा धरला होता मी. माझंच चुकलं."

बाहीच्या कडेला लाल ओल पसरत होती. बेरिलने ती बघितली. तिने पुढे होऊन बाही मागे सारली. तीन बोटांच्या सांध्यांची सालटी गेली होती. तिने खिशातून रुमाल काढून बोटांभोवती गुंडाळला. गाठ मारताना तिचे अंगठे ऐकेनात. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. मग मार्नीने एक टोक दातात धरले आणि दुसरे डाव्या हाताने ओढून गाठ मारली. 

"घाबरलेल्या माणसानं लावला होता," बेरिल म्हणाली.

"माहितीय."

"केव्हापासून?"

"जानेवारीपासून थर्मास मी उघडतेय," मार्नी म्हणाली. "त्याच्या आधी तू मला ओतू द्यायची नाहीस. म्हणायचीस, तू सांडतेस."

"सांडतेसच."

"हो. तरी आता मलाच देतेस."

दरीपलीकडे ढगाची सावली एका शेतावरून दुसऱ्या शेतावर सरकत होती. खाली दूरवर, वळणावर, दुपारची बस खेळण्याएवढी दिसत होती. बेरिल त्या बसकडे बघत होती.

"मला वाटलं होतं हा उन्हाळा निघेल," ती म्हणाली. "तुझ्या आजीला मी सांगितलं होतं. पण मी पुढं होऊन तुला आता कुठं नेऊ शकत नाही. नेलं तर एक दिवस मी तुझ्या अंगावर येऊन पडेन."

"मग?"

"मग तुला पुढं व्हावं लागेल. ते आज-उद्या होणार नाही. सकाळच्या त्या धोंड्यावर तू नट लावायचे आणि मी ते वाचायचे. लहानशी चढाई, मग त्याहून थोडी मोठी. मी खालून दोर धरीन. दोर धरता येतो मला."

"ते कळलं मला," मार्नी म्हणाली. "मघाशी. जराही सरकला नाही."

बेरिलने मान वळवली आणि नाक पुसले. वारा होता.

मार्नीने कमरेचे नट एकेक काढले आणि पट्ट्यावर आपापल्या जागी अडकवले. बारीक पुढे, जाड मागे, डॉटचा सगळ्यांत शेवटी. तिला क्रम सांगावा लागला नाही. तिचे झाल्यावर बेरिलने पट्टा डोक्यावरून काढला. काढताना तो तिच्या कानात अडकला आणि मार्नीने तो सोडवला. बेरिलने दोन्ही हातांत धरून तो पुढे केला.

"घे. हे आता तुझ्याकडेच असू दे."

सकाळी शेतातून चालताना जो आवाज तिला इतका आवडला होता, तो सगळा त्या पट्ट्यावर होता. मार्नीने त्याच्याकडे बघितले. डॉटच्या नटाच्या ओरखड्यावर तिने रुमाल बांधलेले बोट एकदा टेकवले.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली.

मग ती उठली आणि गवतात पसरलेल्या दोराकडे गेली. त्याचे टोक शोधून तिने तो हाताहातावर घेत वेटोळा केला, नीट, पीळ काढत. वेटोळे पाठीवर घेऊन पोटाशी बांधले. आणि खाली जाणारी वाट जिथे सुरू होते, तिथे बाजूला होऊन, बेरिलआजी लोखंड गळ्यात घालून पुढे होईपर्यंत थांबून राहिली.